पाईप सरळ करायचा की बदलायचा?

भांडणाचं मूळ होता एक हातभर लांबीचा पोलादी पाईप. यामाहा आरएक्स १०० च्या पुढच्या फोर्कचा, उजव्या बाजूचा. मामा म्हणत होते, प्रेसवर घेतला की अर्ध्या तासात सरळ होतो. भाचा म्हणत होता, याची जागा भंगारात आहे.

मामा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, राहायला घमापूरला. तोफांचे गाडे बनवणारा हा कारखाना १९०४ सालचा. जबलपुरातल्या पुष्कळ मराठी घरांत एक तरी माणूस या ना त्या आयुध कारखान्यातला निघतो, तसे हे. भाचा वाळूजला, दुचाकींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात. दिवाळीला आजोळी आलेला. गाडी मामांची, नव्वदच्या सुमारास घेतलेली. हल्ली ती मामेभाऊ फिरवतो, आणि त्यानेच ती बरेल्याच्या पुढे मंडला रस्त्यावर एका खड्ड्यात घातली.

त्या रस्त्याची ख्याती जुनी आहे. बरेला ते मंडला या ६३ किलोमीटरच्या, सुमारे ४०० कोटी रुपयांच्या कामाबद्दल आपण समाधानी नाही असं सांगून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मंडल्याच्या जाहीर कार्यक्रमात लोकांची माफी मागितली होती. त्यामुळे मामेभावाला घरात कोणी फार बोललं नाही.

नाक्यावरच्या मिस्त्रीने गाडी बघून एका वाक्यात निकाल दिला होता, "दोनों शॉकर गए, पूरा सेट डलेगा." हँडल एका बाजूला फिरलेलं, चाक भलतीकडे बघतंय, आणि फोर्कच्या डाव्या पायावरून तेलाचा ओघळ थेट ब्रेकच्या प्लेटपर्यंत आलेला. भाच्याला मिस्त्रीचं म्हणणं पटलं होतं.

"मामा, तीस-पस्तीस वर्षांची गाडी. दोन्ही पाईप, दोन्ही सील, हवं तर अख्खी असेंब्लीच बदलून टाकू. दिवाळीची सुट्टी यात कशाला घालवायची?"

"काय बदलायचं ते ठरवायच्या आधी काय बिघडलंय ते बघू दे की," मामा म्हणाले. त्यांनी खालच्या ब्रॅकेटचे बोल्ट आणि एक्सलचा नट ढिला केला, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं आणि हँडलला एक हिसका दिला. हँडल बरंचसं जागेवर आलं.

भाचा गप्प झाला. खड्ड्यात आपटलेल्या किंवा आडव्या झालेल्या गाडीचे दोन्ही पाईप पुष्कळदा वाकलेले नसतात, ब्रॅकेटच्या पकडीत नुसते फिरलेले असतात. बोल्ट ढिले करून रांगेत आणायचं, आधी एक्सल कसायचा, फोर्क चार-दोनदा दाबून सोडायचा आणि मग ब्रॅकेटचे बोल्ट आवळायचे, एवढंच काम असतं. नव्या सेटचे पैसे घेण्याआधी ही तपासणी करणारे मिस्त्री असतात, पण ते शोधावे लागतात. दुसरी फसवी गोष्ट कोनसेटची. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली आणि हँडलच्या मानेशी खट्खट् झालं, तर दोष फोर्कचा नसून मानेतल्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी. चाक उचलून हँडल सावकाश फिरवताना मध्यावर अडकल्यासारखं झालं, तर गोळ्यांनी कोनात खळगे पाडलेत असं समजावं. तिथे फोर्क बदलून काही हाती लागत नाही.

इथे मात्र हँडल बरंचसं आलं, पूर्ण आलं नाही. उजवा पाय दाबला की मध्येच अडत होता.

मामांनी आधी गळणारा डावा पाय हाती घेतला. कपाटातून एक जुना एक्स-रे काढला, त्याची बोटभर रुंद पट्टी कापली आणि टोकाला कात्रीने एक खाच पाडली. डस्ट सील वर सरकवून ती पट्टी ऑइल सीलच्या ओठाखाली घातली आणि पाईपभोवती फिरवत बाहेर ओढली. पट्टीबरोबर काळ्या मातीची बारीक रेघ बाहेर आली.

"आमच्या कंपनीत सीलचा ओठ मायक्रोस्कोपखाली बघतात," भाचा हसत म्हणाला, "आणि तुम्ही आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे घालताय त्यात."

"तुमचा मायक्रोस्कोप नवं सील बघतो. हे जुनं आहे, ह्याच्या तोंडात माती गेलीय. निम्म्या गळत्या इथेच थांबतात."

ही थांबली नाही. दहा-बारा वेळा फोर्क दाबल्यावर पाईपवर पुन्हा तेलाची कडी उमटली. पण मामांचा मुद्दा खोटा नव्हता. सीलचा ओठ एका बारीक गोल स्प्रिंगने पाईपला धरून असतो. त्याच्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी तेलाला वाट मिळते, आणि कण काढला की ती बंद होते. ओठच फाटला असेल किंवा रबर वयाने कडक झालं असेल, तर पट्टीचा उपयोग नाही.

मग फोर्क उघडला. यात एक क्रम असतो, आणि घाई करणारे तिथेच फसतात. तळाचा ॲलन बोल्ट आतल्या डँपर रॉडला धरतो. स्प्रिंग आधी काढली तर बोल्टबरोबर रॉडही आतल्या आत फिरत राहतो आणि बोल्ट सुटत नाही. मामांनी स्प्रिंग आत असतानाच, भाच्याला फोर्क दाबून धरायला लावून, तो बोल्ट ढिला केला. तेल काचेच्या बरणीत उतरवलं. ते काळपट, आंबूस वासाचं, आणि उन्हात धरलं तर त्यात राखाडी चंदेरी झाक. ती झाक म्हणजे बॉटमचं, फोर्कच्या बाहेरच्या नळीचं, झिजलेलं ॲल्युमिनियम. डाव्या पायातलं तेल उजव्यापेक्षा उघडच कमी भरलं.

"बघ, स्प्रिंग गाडी उचलून धरते, पण तिला आवरतं हे तेल," मामा म्हणाले. "आमच्या तोफेतही हेच. नळी मागे येते ती तेलावर."

हे बढाईखोर वाटलं तरी तंतोतंत खरं आहे. तोफ उडाली की नळी मागे सरकते, तिचा दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन जाते. नळी परत जागेवर आणायला दाबलेली हवा किंवा स्प्रिंग असते. फ्रान्सच्या १८९७ सालच्या ७५ मिलिमीटर तोफेने ही रचना जगभर नावारूपाला आणली, आणि ८ एप्रिल २०१९ रोजी जबलपूरच्या याच कारखान्यात लष्कराच्या हवाली झालेल्या पहिल्या सहा 'धनुष' तोफाही तेल आणि दाबलेल्या वायूवरच धक्का पेलतात. मोटारसायकलीला मात्र हे शहाणपण उशिरा आलं. तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर दिला. तोवर बहुतेक गाड्या गर्डर फोर्कवर, घर्षणाच्या चकत्या आवळून चालत होत्या.

तेल कोणतं घालायचं यावर दुसरी चकमक झडली. मिस्त्री वीस-चाळीसचं इंजिन ऑइल घालतो. मामांचा भरवसा कारखान्यातल्या ३२ नंबरच्या हायड्रॉलिक तेलावर. भाच्याचा आग्रह डब्यावर 'फोर्क ऑइल' लिहिलेल्या तेलाचा.

"डब्यावर १० डब्ल्यू लिहिलंय ना, ते दर कंपनीचं वेगळं निघतं," मामा म्हणाले. "माझ्या ३२ ला अर्थ आहे. चाळीस अंशांना बत्तीस सेंटिस्टोक."

"अर्थ आहे, मान्य. पण मामा, फोर्कमध्ये तेल घुसळलं जातं. फेस धरणार नाही आणि सीलला खाणार नाही, अशा हिशेबाने फोर्क ऑइल बनतं."

दोघांचं बरोबर होतं, आणि चूक होता तो तिसरा, जो हजर नव्हता. वीस-चाळीसचं इंजिन ऑइल चाळीस अंशांना दहा नंबरच्या फोर्क ऑइलच्या साधारण तिप्पट जाड असतं. मॅन्युअलनेच ते सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर फोर्क खड्ड्यात चटकन दबत नाही, दबला तर चटकन उठत नाही, आणि स्वार म्हणतो शॉकअप कडक झाले. थंडीत तर विचारायलाच नको. चाळीस अंशांना ३२ असलेलं साधं खनिज तेल दहा अंशांना सुमारे पाचपट जाड होतं, आणि जबलपुरात मे महिन्याची दुपार चाळिशी ओलांडते तर जानेवारीची रात्र दहाच्या खाली उतरते. शेवटी फोर्क ऑइलच आणलं, पण डब्यावरचा सेंटिस्टोकचा आकडा वाचून.

किती घालायचं हा प्रश्न कोणतं घालायचं याच्याइतकाच महत्त्वाचा, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. तेलाच्या वर फोर्कमध्ये हवा कोंडलेली असते आणि ती दुसरी स्प्रिंग म्हणून काम करते. 'थोडं जास्त घाल, बरं असतं' म्हणून तेल वाढवलं की हवेला जागा कमी उरते, फोर्क दबताना तिचा दाब भलताच चढतो, आणि कालच बसवलेलं सील बाहेर ढकललं जातं. कमी घातलं तर फोर्क तळाला आपटतो. मॅन्युअलमध्ये मिलिलिटरचा आकडा असतो, तो दोन्ही पायांत सारखा गेला पाहिजे.

बोलता बोलता डेअर डेव्हिल्सचा विषय निघाला. जबलपुरात मोटारसायकलीचा विषय निघाला की तो निघतोच. सिग्नल कोरचं हे मोटारसायकल पथक १९३५ पासूनचं, आणि त्याचं घर इथलं वन सिग्नल ट्रेनिंग सेंटर. ५ जुलै २००१ रोजी इथल्याच गौरीशंकर परेड ग्राउंडवर या पथकाने १० मोटारसायकलींवर २०१ जवानांचा मनोरा रचून तो १२९ मीटर चालवला आणि जागतिक विक्रम केला.

"म्हणजे एका गाडीवर वीस माणसं," मामा म्हणाले. "हजार किलोच्या वर भार. जुन्या घडणीच्या गाड्या त्या! आणि तू एका खड्ड्यासाठी फोर्क फेकायला निघालास."

"ते एकशे एकोणतीस मीटर गेले मामा, आणि परेड ग्राउंडवर. मंडल्याला नाही गेले."

भाच्याचं हे उत्तर विनोदी आहे, पण बिनतोड आहे. संथपणे चढवलेला भार स्प्रिंग दाबतो. खड्ड्याची कड चाकाला मागे ढकलते आणि पाईप वाकवते, तोही बहुधा खालच्या ब्रॅकेटच्या लगेच खाली, जिथे त्याला आधार संपतो.

वाकलाय का, हे डोळ्यांनी ठरवण्यासारखं नसतं. दोघं पाईप घेऊन मामांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेले. दोन व्ही-ब्लॉकवर पाईप ठेवला, मधोमध डायल गेज टेकवला आणि पाईप सावकाश फिरवला. डाव्या पाईपला काटा जेमतेम थरथरला, ०.१ मिलिमीटरच्या आतच. उजव्याला काटा दीड मिलिमीटरच्या जवळ जाऊन आला. फिरवताना गेज दाखवतो त्याच्या निम्मा खरा वाक धरायचा, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. बऱ्याच जपानी मॅन्युअलमध्ये मर्यादा असते ०.२ मिलिमीटर.

"पाऊण मिलिमीटर!" मामा म्हणाले. "अरे, याच्या दसपट वाकलेले शाफ्ट सरळ केलेत आम्ही. प्रेस समोर आहे."

"तुम्ही केलेत ते भरीव शाफ्ट. हा पोकळ आहे. आणि यामाहाचंच मॅन्युअल ताकीद देतं, वाकलेला आतला पाईप सरळ करू नका, तो धोकादायक रीतीने कमजोर होतो."

"कंपन्यांना पाईप विकायचे असतात."

"त्यांना खटलेही टाळायचे असतात मामा."

या मुद्द्यावर मामांचा अनुभव बाजूला ठेवावा लागतो. पोलाद एका मर्यादेपर्यंत वाकून परत येतं. ती ओलांडली की वाक कायमचा राहतो. तो काढायला पाईप उलट दिशेला त्याच मर्यादेपलीकडे न्यावा लागतो, म्हणजे एकाच जागी धातू दोनदा ताणला जातो. भिंत पातळ असल्याने तिथे पाईप किंचित अंडाकृती होतो. वर दहा-वीस मायक्रॉन जाडीचा क्रोमचा कडक थर असतो, तो वाकत नाही, तडकतो. त्या तड्यांतून पाणी शिरतं, गंज धरतो आणि वर्षभरात सील पुन्हा कापलं जातं. गल्लोगल्ली असे पाईप सरळ केले जातात आणि बरेचसे चालतातही, पण न चाललेला पाईप ताशी साठच्या वेगाने मोडतो. तपासून वापरता येईल असा नवा पाईप मिळत असताना जुना प्रेसखाली घालणं ही काटकसर नव्हे.

मामा लगेच मानले असं नाही. ते एवढंच म्हणाले, "बरं, आण नवा. पण बाजारातून येणारा पाईप तूच तपास. क्वालिटीवाला ना तू, भाचेबुवा?"

इथे डाव उलटला. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, त्यामुळे बाजारात मिळतात ते बहुतेक इतरांनी बनवलेले पाईप. पहिला आणलेला पाईप चकचकीत होता, पण काचेवर लोळवला तर नवाकोरा असूनही डुगडुगला. मायक्रोमीटरने तो जुन्यापेक्षा चार शतांश मिलिमीटर बारीकही भरला. भाच्याने तो दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला आणि कंपनीत पुरवठादाराशी बोलतात त्या आवाजात बोलला. दुसऱ्या दुकानातला पाईप सरळ निघाला, मापात बसला आणि नख फिरवल्यावर ते कुठेही अडकलं नाही. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स किंवा चाकणला कारखाना असलेली गॅब्रिएल आज चालू गाड्यांसाठी फोर्क बनवतात. बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला मात्र स्वतःच तपासनीस व्हावं लागतं. सुटा भाग नवा आहे एवढ्यावर तो चांगला ठरत नाही, हे भाच्याने त्या संध्याकाळी नाइलाजाने कबूल केलं.

मग डावा पाईप. तो सरळ होता, पण क्रोमवर गंजाचे दोन खड्डे होते. एक वर, सील जिथवर क्वचितच पोचतं तिथे. दुसरा खाली, सीलच्या रोजच्या वाटेवर, आणि त्यानेच ओठ कापला होता. भाचा म्हणाला, जोडीने बदला. मामा म्हणाले, हार्ड क्रोम करून आणू.

हार्ड क्रोमचं काम चांगल्या ठिकाणी झालं तर पाईप नव्यासारखा होतो. जुना थर काढतात, पाईप घासून किंचित बारीक करतात, जाड क्रोम चढवतात आणि पुन्हा मूळ मापाला घासतात. पण एका पाईपसाठी हे परवडत नाही. शिवाय त्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, ज्याने कर्करोग होतो. युरोपीय संघात क्रोमियम ट्रायऑक्साइड सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडच्या लहान प्लेटिंगच्या दुकानातलं पाणी कोणत्या नाल्यात जातं, हे विचारलेलं दुकानदाराला आवडत नाही. दुर्मीळ गाडीचा पाईप कुठेच मिळत नसेल तरच तो मार्ग धरावा. इथे तो मिळत होता.

तरी जोडी बदललीच पाहिजे हा भाच्याचा हट्ट टिकला नाही. सील दोन्ही बदलायची, तेल दोन्हीतलं बदलायचं, स्प्रिंग बदलल्या तर दोन्ही. सरळ आणि मापात असलेला पाईप मात्र केवळ जोडीदार नवा आला म्हणून फेकायचं कारण नाही. मामांनी दोन्ही खड्डे टोकदार सुईने साफ केले, अराल्डाइट भरलं, रात्रभर वाळू दिलं आणि दीड हजार नंबरच्या पॉलिश पेपरवर तेल टाकून पाईपच्या गोलाईने घासलं. वरचा खड्डा कायमचा मिटला म्हणता येईल. खालचा किती दिवस तग धरेल याबद्दल दोघांत एकमत नाही. मामा पाच वर्षं म्हणतात, भाचा पुढचा पावसाळा.

स्प्रिंगचं प्रकरण लवकर मिटलं. मिस्त्रीने सुचवलं होतं, वरून दोन वायसर टाका, कडक होतील. मामांना ही युक्ती आवडायची. भाच्याने समजावलं की वायसरने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त थोडी वर बसते, आणि वायसर फार झाले तर पूर्ण दबताना वेटोळ्याला वेटोळं भिडतं. दोन्ही स्प्रिंगची मोकळी लांबी मोजली, दोन्ही सारख्या आणि मर्यादेत होत्या, विषय संपला.

जुळवणी मामांनी केली आणि भाचा नुसता बघत राहिला. पाईपच्या टोकावर त्यांनी दुधाची प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली, तिला तेल लावलं आणि नवं सील तिच्यावरून सरकवलं, म्हणजे पाईपच्या कडेने ओठ खरचटत नाही. सीलवर जुनं सील ठेवलं, त्यावर मापाचा पीव्हीसी पाईप उभा केला आणि हातोडीने चौफेर सारखे ठोके देत ते सर्क्लिपच्या खाचेखाली उतरवलं. तळाच्या बोल्टखाली तांब्याचा नवा वायसर घातला. तेल औषधाच्या मापाने मोजून ओतलं, पाईप दहा-बारा वेळा खालीवर करून हवा काढली, आणि स्प्रिंग घालण्याआधी फोर्क पूर्ण दाबून दोन्हीकडे तेलाची पातळी पट्टीने ताडून पाहिली. ती दोन्हीकडे सारखी भरली.

नव्या सेटच्या जागी लागला एक पाईप, दोन ऑइल सील, दोन डस्ट सील, दोन वायसर आणि एक डबा तेल. वेळ मात्र मिस्त्रीने सांगितला असता त्याच्या कितीतरी पट गेला, आणि लेथवाल्याने ओळखीखातर मोजणीचे पैसे घेतले नाहीत. अशी ओळख प्रत्येकाची नसते.

जुन्या गाडीच्या मालकांनी एवढं करावं. मिस्त्रीने 'पाईप गेला' म्हटलं तर व्ही-ब्लॉकवर फिरवून दाखवायला सांगा. तेल बदलायला दिलं तर निघालेलं तेल स्वतः बघा, आणि नवं मोजून घालताना समोर उभे राहा. सील नुसतं गळत असेल तर आधी एक्स-रेची पट्टी फिरवून बघा. पाईप वाकला असेल तर तो सरळ करू नका, बदला.